फांदीवरचा थोरला

“सप्ताहात वीणा थोरल्याच्याच गळ्यात असते. का, ते विचारायचं नसतं,” असं मठात आल्या दिवशीच उल्काला बजावलं होतं.

“का?” तिने आज विचारलं.

मठातले थोरले म्हणजे धोंडबुवा. त्यांनी डोळे उघडले नाहीत. गळ्यात वीणा, एक खांदा कललेला.

ज्याच्या गळ्यात वीणा, कीर्तन त्याचं. उल्का इतकी वर्षं मागच्या रांगेत टाळ वाजवत होती. आजचं कीर्तन तिला स्वतः करायचं होतं.

“जुनी रीत आहे, पोरी,” म्हातारे आबा कोलते म्हणाले. “कॉलेजात शिकवली नाही वाटतं?”

“कॉलेजात पक्षी शिकवले, आबा.”

टाळकरी हसले.

“तो सांग,” बुवा पुटपुटले. “ब्राझीलच्या रानातला. निळा.”

मटार सोलताना कधीतरी सांगितलेलं त्यांनी लक्षात ठेवलं असेल, असं तिला वाटलं नव्हतं.

“चिमणीएवढाच असतो. डोक्यावर लाल टोपी. नर फांदीवर ओळीने बसतात. एकेकाने मादीसमोर उडी घ्यायची, पंख फडफडवायचे, की पुन्हा ओळीच्या शेवटी. तरणे नर वर्षानुवर्षं असे नाचतात… जोडी जुळते ती थोरल्याचीच.”

“घ्या,” आबा मांडीवर थाप मारून म्हणाले. “पाखरालाही रीत कळते.”

“संपलं नाही अजून.”

“सांग.”

“मादी गप्प बसून बघत असते. थोरल्यालाही नाचावंच लागतं. नुसता थोरला म्हणून ती कुणाची होत नाही. आणि ती उडून गेली, की नाच तिथेच थांबतो. ओळ कितीही लांब असो.”

“मग?” बुवांनी विचारलं.

उल्काने टाळ सतरंजीवर ठेवले. आवाज होऊ दिला नाही.

“मग मी उठले, बुवा. मागे उभी राहणार नाही. आजही नाही, पुढच्या सालीही नाही.”

 

धोंडबुवांनी वीणेचा पट्टा डोक्यावरून काढला. वीणा दोन्ही हातांवर घेऊन उल्कासमोर धरली. कुणाकडेच न बघता. 

“सप्ताह उठेपर्यंत ही खाली ठेवता येत नाही,” ते म्हणाले. “आणि थोरला दमलाय.”