साइटवर ऐकणार कोण?

बांधकाम व्यवस्थापनाच्या पदवीची शेवटची तोंडी परीक्षा कॉलेजच्याच अर्धवट बांधलेल्या वसतिगृहात चालली होती. बाहेरून आलेले परीक्षक दाभाडकर म्हणजे बडं प्रस्थ. सकाळपासून त्यांनी भल्याभल्या पोरांना घाम फोडला होता. आता पाळी होती वर्गातल्या एकुलत्या एक मुलीची, रेवतीची. ती मात्र घाबरणाऱ्यांतली नव्हती.

"काय गं, तू साइट सांभाळणार?" परांचीखाली उभे राहून दाभाडकर हसले. "तिथे एकेक मुकादम मिशीवर ताव देणारा. तुझं ऐकणार कोण?"

"सांगते सर. पण आधी हेल्मेट घाला. वर काम चालू आहे."

"मला शिकवतेस? हयात गेली माझी या धंद्यात!"

"मग नियम तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. हेल्मेट घातल्याशिवाय मी उत्तर देणार नाही. हवं तर मार्क कापा."

दाभाडकरांनी वर पाहिलं. गवंडी थापी हातात धरून मजा बघत होते. शेवटी पुटपुटत त्यांनी हेल्मेट चढवलं, पट्टाही आवळला.

"हं, बोल आता! कोण ऐकणार तुझं?"

रेवती म्हणाली, "जरा डोकं चाचपून बघा, सर."