घाणी उलटी फिरत नाही

फार फार जुनी गोष्ट आहे. एका राजाने आपल्या नगरातल्या कारागिरांसाठी एक दुमजली इमारत बांधली होती. मधे ऐसपैस अंगण आणि भोवती बिऱ्हाडं. राजा गेला, त्याचे नातू-पणतूही गेले, इमारत मात्र उभी होती. पण आता दर्शनी भिंतीचा गिलावा पोपडे धरून गळत होता आणि अंगणात पाय ठेवायला जागा उरली नव्हती.

एके दिवशी नगराचा कोतवाल आला. मान वर करून भिंतीकडे पाहत म्हणाला, "आषाढ लागायच्या आत ही भिंत नीट करा. नाही तर इमारत पाडून टाकीन. कुणाच्या डोक्यात पडली म्हणजे?"

इमारत पाडली असती, तर बाकीचे गाठोडं उचलून दुसरीकडे गेले असते. तळमजल्यावरच्या भिवराबाईचं तसं नव्हतं. ती विणकर. तिचा माग जमिनीतल्या खड्ड्यावर बसवलेला होता आणि नवऱ्यामागे त्यावरच तिचं पोट होतं. खड्डा काही गाठोड्यात बांधून नेता येत नाही.

लोक कामाला लागले खरे, पण ज्याने त्याने आपल्या घरापुरतीच भिंत लिंपली. रंगाऱ्याने आपला तुकडा निळा केला, तेल्याने पिवळा. शहाण्यांना वाटलं, झालं काम! मग वळवाची एक सर आली आणि तुकड्यांच्या सांध्यांतून पाणी आत शिरलं. मागाचा खड्डा काठोकाठ भरला. भिवराबाईने तो तांब्याने उपसला आणि तडक गवंड्याचं घर गाठलं.

गवंडी म्हणाला, "बाई, भिंत एक, तर गिलावाही एकच हवा. ओल्याला ओलं भिडलं, तरच सांधा राहत नाही. पण एवढा चुना मळायचा, तर अंगणात घाणी मांडावी लागेल. दगडी चाक ओढत बैल गोल फिरला पाहिजे. तुमच्या अंगणात बैल सोडा, मांजरसुद्धा फिरायचं नाही."

खोटं नव्हतं ते. तिथे रंगाऱ्याचा ओटा होता, तेल्याची कडब्याची गंजी होती, कुणाचं कुंपण, कुणाच्या चुली. भिवराबाईनेही सूत ताणायला खुंट्या ठोकल्या होत्या. तिने आधी त्या उपटल्या. मग मधोमध दोरी धरून राखेने एक मोठं वर्तुळ काढलं.

"या रेघेच्या आत जेवढं आलंय, तेवढंच काढा," ती म्हणाली.

"आधी रंगाऱ्याने ओटा पाडावा," तेली म्हणाला.

"आधी तेल्याने गंजी हलवावी," रंगारी म्हणाला.

बाकीच्यांनी दोघांनाही माना डोलावल्या आणि दारं लावून घेतली. असली माणसं पाहिली की मला हसूही येतं आणि रागही येतो.

भिवराबाई भांडत बसली नाही. जेवढी जागा मोकळी होती, तेवढ्यात तिने गवंड्याकडून चर खोदून घेतला, त्यात चुना ओतला, चाक बसवलं. बैल कोण देणार? तिने पदर खोचला आणि दांड्याला स्वतःच खांदा लावला. चाक गंजीपासून निघायचं आणि ओट्याला जाऊन थडकायचं. मग ती ते मागे रेटायची. पुन्हा पुढे, पुन्हा मागे.

रंगारी ओट्यावर बसून पाहत होता. "किती वेळ चालायचं हे?"

"ओटा हलेपर्यंत," भिवराबाई धापा टाकत म्हणाली. "नाही तर मी पडेपर्यंत."

तेल्याचा उभा जन्म तेलाच्या घाण्यामागे गेलेला. त्याला ते बघवेना. तो दार उघडून ओरडला, "अहो बाई, घाणी कधी उलटी फिरवतात होय?"

"मग सुलटी फिरवायला जागा द्या!"

तेली पुटपुटत गेला. गंजी हलवली आणि आपला बैलही घेऊन आला. ते पाहून कुंपण निघालं, चुली निघाल्या. राहिला ओटा.

बैल ओट्यापाशी येऊन थांबला. त्याला काही मागे जाता येईना. सगळी इमारत सज्ज्यात उभी राहून रंगाऱ्याकडे पाहू लागली. एवढ्यात त्याची बायको घरातून पहार घेऊन आली.

"घ्या. पहिला घाव तुम्ही घालताय, की मी घालू?"

रंगाऱ्याने उठून पहार घेतली आणि ओट्यावर पहिला घाव घातला.

चुना लोण्यासारखा मळला गेला. निळे-पिवळे तुकडे सगळ्यांनी मिळून खरवडले. एकाने दिलेला चुन्याचा हात वाळायच्या आत शेजाऱ्याचा हात येऊन भिडत होता, आणि रंगारी अन् तेली एकाच परांचीवर उभे होते.

आषाढात धो धो पाऊस पडत असताना कोतवाल आला. त्याने भिंत खालपासून वरपर्यंत न्याहाळली.

"यातला तुझा भाग कुठला रे?" त्याने रंगाऱ्याला विचारलं.

रंगाऱ्याने भिंतीवर सांधा शोधून पाहिला. "सांगता येत नाही, सरकार," तो म्हणाला.

आत कोरड्या खड्ड्यात पाय सोडून भिवराबाई विणत होती. अंगणातलं घाणीचं वर्तुळ तसंच राहिलं आणि त्यात पुन्हा कुणी काही बांधलं नाही.

लहानथोर सगळ्यांनीच ध्यानात ठेवावं: आपापला तुकडा सजवून सगळ्यांचं घर सावरत नाही, आपण अडवलेली जागा आपणच आधी सोडली, तरच ते उभं राहतं.