ढालोबाच्या मोटारीचं पासिंग

ही गोष्ट कोणालाही पटत नाही, म्हणून ती पैज लावूनच सांगावी लागते: ऐकताना जो 'थापा' म्हणेल, त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. पंक्चरच्या दुकानापुढच्या बाकड्यावर ती सांगितली गेली, तेव्हा ऐकणाऱ्या चौघांपैकी तिघे सुरुवातीलाच हसले. चौथे दगडूअप्पा, एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर. ते हसले नाहीत. बिनतिकिटाच्या माणसांची कारणं एकतीस वर्षं ऐकलेला माणूस, त्याला सहजासहजी हसू येत नाही. "सांगा," एवढंच म्हणाले.

तर एक होतं गर्दरान. तिथं मुसंडेमहाराज नावाच्या रानडुकराचं राज्य होतं. राज्य वाडवडिलांकडून आलेलं नव्हतं बरं का. दर पाच वर्षांनी निवडणूक व्हायची, मुंगीपासून गव्यापर्यंत सगळे मत द्यायचे आणि मुसंडेमहाराज निवडून यायचे. विरोधात एकदा एक भेकर उभं राहिलं होतं म्हणतात. ते पुढे कुठं गेलं, हे विचारायला दुसरं भेकर गेलं. तिसरं गेलं नाही.

महाराजांना खोड एकच. नवा रस्ता दिसला की तो नाकानं उकरायचा. सकाळी सगळं राजघराणं बाहेर पडे आणि दुपारपर्यंत रस्त्याचं वावर करून ठेवी. मग त्याच जागी पुन्हा नव्या रस्त्याचा नारळ फुटे. रस्ता वाहनांना योग्य आहे की नाही, हे तपासणारं खातं गर्दरानात नव्हतं. वाहन रस्त्याला योग्य आहे की नाही, हे तपासणारं मात्र होतं आणि ते फार कडक होतं.

आपला ढालोबा कासव राहायचा टेकडीच्या पायथ्याच्या तळ्यात. त्या वर्षी तळं आटायला लागलं. टेकडीच्या पलीकडे बारमाही पाण्याचा मोठा डोह होता; पण कासवाच्या चालीनं तिथं पोचायला दोन महिने लागणार, आणि तळ्यात पाणी उरलेलं पंधरा दिवसांचं.

"चालत निघालो," ढालोबाची बायको गोदाक्का म्हणाली, "तर वाटेत आपल्या पाठी तेवढ्या राहतील. लोक त्या उताण्या ठेवून कोंबड्यांना पाणी पाजतील."

"मग मी मोटार बांधतो," ढालोबा म्हणाला.

"तुम्ही? अहो, काल आत घेतलेली मान तुम्ही आज जेवायला बाहेर काढलीत!"

पण ढालोबानं मनावर घेतलं. रानाच्या कडेला माणसांनी टाकून दिलेलं एक गुऱ्हाळ होतं. तिथं त्याला उसाच्या चरकाचं इंजिन मिळालं, दोन मोडक्या हातगाड्यांची चार चाकं मिळाली, स्टिअरिंगला शिवणयंत्राचं चाक मिळालं. माणूस मोटार बांधेल तर चाकांपासून सुरुवात करील. ढालोबानं छपरापासून केली. कासवाला आधी छप्पर लागतं, बाकी सगळं त्याच्या खाली बसवता येतं. गूळ आटवायची भली मोठी काहील त्यानं पालथी घातली, तिचं बूड आभाळाकडे आलं, आणि मग बारा दिवस तो तिच्या पोटात शिरून एकेक वस्तू ठोकत बसला. बाराव्या दिवशी इंजिन खोकलं, थुंकलं आणि सुरू झालं. गोदाक्कानं काही न बोलता मोटारीला हळदकुंकू वाहिलं. तिच्या दृष्टीनं ही कौतुकाची परिसीमा होती.

आता कायदा असा, की पासिंग न झालेली गाडी रस्त्यावर आणायची नाही. पण पासिंगला न्यायची तर रस्त्यावरूनच न्यायची. ढालोबानं ह्याचा फायदा घेतला. तपासणीचं ऑफिस टेकडीच्या माथ्यावर होतं आणि ऑफिसच्या मागून डोहाकडचा उतार सुरू व्हायचा. त्यानं तळ्यातली सतराच्या सतरा कासवं मोटारीत भरली. पासिंगचा कागद हातात पडला की तसंच पुढं डोहात, असा बेत. मागं वळून पाहायला काही उरलंही नव्हतं. निघताना तळ्याचा चिखल भेगाळत होता.

राजघराण्यानं नांगरलेल्या रस्त्यावरून हेलकावे खात मोटार माथ्यावर पोचली. तिथं एक वड, आणि वडाखाली रांग. रांगेत पुढं एक अस्वल, ज्याला सगळे नाना म्हणत. नानानं आपली मधाची हातगाडी डोक्यावर उलटी धरली होती, चाकं आभाळाकडे. त्याच्या पुढं साळिंदर, त्याचीही ढकलगाडी उलटी. ढालोबाला वाटलं, उन्हापासून आडोसा म्हणून धरली असेल.

एवढ्यात एक खार झाडावरून सरसर खाली आली. ही खारूबाई, इथली एजंट. कागद वर न्यायचे आणि शेरे खाली आणायचे, हा तिचा धंदा.

"काका, पहिल्यांदाच ना?" मोटारीकडे बघून ती म्हणाली. "दिसतंच आहे. चाकं खाली ठेवून आलात!"

"चाकं खालीच असतात, बाई."

"हळू बोला. साहेब जागे आहेत."

ढालोबानं मान होती नव्हती तेवढी वर काढली. वरच्या फांदीला एक वटवाघूळ पाय अडकवून, डोकं खाली करून लोंबत होतं. तेच मोटार तपासणी अधिकारी, लोंबकळे साहेब.

ह्या साहेबांची नेमणूक कशी झाली तेही ऐका. मुलाखतीत महाराजांनी विचारलं होतं, "आमच्या राज्याबद्दल तुमचं मत काय?" फांदीला लोंबत साहेब म्हणाले, "महाराज, माझ्या जागेवरून पाहिलं तर प्रत्येक प्राण्याचे पाय आभाळाला टेकलेले दिसतात." महाराजांनी तिथल्या तिथं ऑर्डर काढली.

"पुढची गाडी!" वरून आवाज आला.

ढालोबा पुढं सरकला. साहेबांनी एक डोळा उघडला आणि शेरा सांगायला सुरुवात केली. "छप्पर खाली. चाकं वर. चालक डोक्यावर उभा. नापास. पुढची तारीख अकरा दिवसांनी."

अकरा दिवस! मोटारीतून गोदाक्काचा कोरडा आवाज आला, "अहो, पाठेकाका बोलायचे थांबलेत." पाठेकाका सगळ्यांत म्हातारे कासव. ते बोलायचे थांबले, म्हणजे प्रकरण गंभीर. एरवी ते झोपेतही बोलत.

ढालोबानं धीर केला. "साहेब, माफ करा. गाडी सरळ आहे. तुम्ही उलटे लटकला आहात."

नानानं डोक्यावरची हातगाडी आणखी घट्ट धरली.

"खारूबाई," साहेब शांतपणे म्हणाले, "ह्या गृहस्थांना नियमावली दाखवा."

खारूबाईनं ढालोबाच्या कानाशी कुजबुज केली, "काका, नियम एकच आहे. अधिकाऱ्याला दिसेल ती सरळ बाजू. अहो, ह्यांच्याआधी घुबड होतं ह्या जागेवर. त्याला दिवसा दिसायचं नाही आणि ऑफिस दिवसाच उघडं. तेव्हा लोक गाडी आणतच नसत, नुसतं हॉर्न वाजवून पास होत. त्या मानानं हे साहेब बारकाईनं बघतात. गाडी उलटी करा, लगेच फेरतपासणी लावते."

कासवाला उताणं करणं म्हणजे काय, हे तुम्हा-आम्हाला कळायचं नाही. ढालोबाचा सख्खा चुलता भर उन्हात असाच पाठीवर पडला होता आणि चार पाय हलवत हलवत निपचित झाला होता. बारा दिवस ज्या पोटात शिरून काम केलं, त्या मोटारीला आपल्या हातानं उताणी पाडायची? त्याच्यानं बघवेना. त्यानं मान आत घेतली आणि आतूनच म्हणाला, "नाना, जरा हात लावता?"

आधी सतरा कासवं खाली उतरवली. मग नाना, साळिंदर आणि रांगेतले सगळे भिडले. धडाड्‌धूम! काहीलीचं बूड जमिनीवर, चारही चाकं आभाळात.

"वा!" साहेब वरून म्हणाले. "आता कशी मोटारीसारखी मोटार दिसते. चालू करा."

ढालोबानं खटका दाबला. चाकं हवेत गरगर फिरली.

"वेग उत्तम. ब्रेक?"

चाकं थांबली.

"जागच्या जागी थांबली! एक वीतभर पुढं गेली नाही. खड्डे?"

"जाणवत नाहीत, साहेब," ढालोबा खरं तेच बोलला.

"लिहा, खारूबाई. रस्ता गुळगुळीत असल्याचं चालकाचं प्रमाणपत्र." साहेब फांदीवर अभिमानानं झुलले. "अकरा वर्षांत मी पास केलेल्या एकाही गाडीला अपघात झालेला नाही. एकाही!"

"एकही गाडी हलली नाही, म्हणून," गोदाक्का पुटपुटली. पण तेवढ्यात शिक्का बसला. 'ह्या स्थितीत रस्त्यावर चालण्यास योग्य. स्थिती बदलल्यास जप्ती.'

इथं बाकड्यावरच्या तिघांनी "काहीतरीच!" म्हटलं. दगडूअप्पांनी मात्र मान डोलावली. "असतं असं," ते म्हणाले. "आमच्या डेपोत एक गाडी सहा वर्षं उभी होती. तिलाही दर वर्षी पासिंग मिळायचं. चालू द्या."

तर कागद मिळाला, पण गाडी उताणी. ऑफिसच्या मागं, उताराच्या तोंडाशी नाका, आणि नाक्यावर चार रानकुत्री. मोटार सरळ केली की ती जप्त करणार. नाही केली, तर संध्याकाळपर्यंत सतरा कासवं वाळणार. ढालोबानं मोटारीकडे पाहिलं. उतरणीकडे पाहिलं. मग पुन्हा काहीलीच्या बुडाकडे पाहिलं. गुळाच्या शंभर हंगामांनी ते आरशासारखं गुळगुळीत झालं होतं.

"गोदे," तो म्हणाला, "सगळ्यांना काहीलीत बसव. मधे इंजिन आहे, त्याच्या कडेकडेनं."

"आणि ओढणार कोण?"

"उतार."

पाठेकाकांना उचलूनच ठेवावं लागलं. नानानं मोटार नाक्यापर्यंत ढकलत नेली. रानकुत्र्यांनी कागद वाचला, मोटार पाहिली, पुन्हा कागद वाचला. "छप्पर खाली, चाकं वर. बरोबर आहे. जाऊ द्या!" असं म्हणत त्यांनी सलाम ठोकला आणि नानानं खांदा लावला.

मंडळी, ती काहील जी सुटली! ह्या खड्ड्यातून त्या खड्ड्यात, त्या खड्ड्यातून थेट हवेत, हवेतून पुन्हा रस्त्यावर. वर चारही चाकं आपापल्या दिशेला फिरताहेत, आत सतरा कासवं माना आत ओढून टिपऱ्यांसारखी एकमेकांवर वाजताहेत, आणि ढालोबा सवयीनं ब्रेक दाबतोय. अर्ध्या उतारावर पाठेकाका एकदम बोलते झाले. "अरे, माझ्या लग्नाच्या वरातीत..." एवढंच ऐकू आलं. पुढचं वाऱ्यावर गेलं.

धप्पकन काहील डोहात पडली. बुडाली नाही, तरंगली. कासवं एकेक करून पाण्यात उतरली. गोदाक्का पाणी प्यायली, डोळे मिटून पुन्हा प्यायली आणि नवऱ्याला म्हणाली, "जेवायला मान बाहेर काढा आता."

पण गंमत इथं संपत नाही. डोहाच्या काठी चिखलात खुद्द मुसंडेमहाराज लोळत होते. काहीलीनं उडवलेलं पाणी त्यांच्या अंगावर गेलं आणि सात वर्षांत पहिल्यांदा महाराज स्वच्छ दिसले. प्रजेला ते ओळखूच येईनात. ढालोबाला वाटलं, संपलं.

तेवढ्यात कोल्हाप्रधान पुढं झाले. प्रसंग कुठलाही असो, भाषण त्यांच्या घशात तयार असे. "बंधूंनो आणि भगिनींनो! जे आजवर कोणत्याही रानाला जमलं नाही ते आज गर्दरानानं करून दाखवलं! जमिनीवर घसरणारी आणि पाण्यावर तरंगणारी जगातली पहिली मोटार! हे यश कोणाचं?"

"महाराजांचं!" बेडूक सवयीनं ओरडले.

"महाराजांच्या उताण्या धोरणाचं! पाय वर, मान वर, रान आपलं जगात वर!"

त्याच दिवशी फर्मान निघालं, की सगळी वाहनं उताणी करा. आठवड्यानं घरटी पालथी घालायचा हुकूम आला. अंडी खाली पडली ती सापांनी गोळा केली. साप त्या योजनेचे लाभार्थी होते. मग धान्याच्या कणग्या उलट्या झाल्या. सांडलेलं धान्य राजघराण्यानं नाकानं उकरून फस्त केलं, आणि कोल्ह्यांनी जाहीर केलं, की कणग्या आता इतक्या स्वच्छ आहेत की एक दाणा सापडणार नाही. लोंबकळे साहेबांना बढती मिळाली, एक फांदी वर.

शेवटी एक दिवस ढालोबाला दरबारात बोलावणं आलं. सगळं रान जमलं होतं, अर्थातच डोक्यावर उभं. ढालोबानं हात जोडून जे खरं ते सांगितलं. "महाराज, मोटार सरळच चालायची. ती उलटी केली म्हणून आम्ही मरत होतो. वाचलो ते काहीलीमुळं आणि उतारामुळं. साहेबांनी जरा सरळ होऊन बघायला हवं होतं, एवढंच."

कोल्हाप्रधानांनी रानकुत्र्यांकडे पाहिलं. मग मुसंडेमहाराज सिंहासनावरून खाली उतरले, ढालोबापुढं गुडघे टेकून बसले, आणि सगळ्या रानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ढालोबा, तुझं बरोबर आहे. चूक आमची झाली. फर्मान आम्ही मागं घेतो, आणि खुर्चीही..."

"ओ! थांबा, थांबा!" दगडूअप्पा बाकड्यावरून ताडकन उठले. "वटवाघूळ गाड्या पास करतं, पटलं. उताणी मोटार डोहात तरंगली, तेही पटलं. साप लाभार्थी होते, ते तर मी पाहिलंय. पण 'चूक आमची झाली' म्हणाले? खुर्चीत असताना? आता मात्र तुम्ही सरळसरळ थापा मारताय राव!"