सालेमवाडीचा गाळलेला शब्द

सालेमवाडीचं चर्च म्हणजे माळावरची एक पत्र्याची खोली. रविवारी आलात तर कान देऊन ऐका. सगळे मिळून प्रार्थना म्हणत असतात, आणि रोजची भाकर मागायची ओळ आली की बायका मध्येच गप्प होतात, एका शब्दापुरत्या. तो शब्द ‘आज’. तेवढा पुरुष म्हणतात, मग बायका पुन्हा सूर धरतात. नवख्याला वाटतं, विसरल्या असतील. तर त्याचं असं सांगतात.

शहरात योनाथान अमोलिक नावाचे हेडमास्तर होते. कौलारू घर, दारात जाई, घरात वाजवायची पेटी. त्यांच्या बायकोची, मिर्यामबाईची कोठी बघायला म्हणे शेजारणी यायच्या. वर्षाचं धान्य, सांडगे, दादरे बांधलेल्या लोणच्याच्या बरण्या. (आमच्या घरातले डबे बघायला आल्या असत्या तर उंबऱ्यावरूनच परत फिरल्या असत्या, पण ते असो.)

एका रविवारी प्रार्थना म्हणता म्हणता मास्तर त्या शब्दावर अडकले. घरी येऊन म्हणाले, “मिर्याम, आपण भाकर मागतो आजची, आणि कोठीत भरून ठेवतो वर्षाची. हे खोटं नाही का?”

“खोटं कसलं? रोज आजची मागून मागूनच साठलीय ती,” मिर्यामबाई हसून म्हणाली.

मास्तर हसले नाहीत. त्यांनी नोकरी सोडली, घर विकून हा माळ घेतला आणि चार बिऱ्हाडं घेऊन इथं आले. सगळ्यांची एकच चूल. उद्यासाठी काही ठेवायचं नाही, संध्याकाळी उरेल ते वाटसरूला द्यायचं, अशी शपथ झाली. मिर्यामबाईनंही हात वर केला. नवऱ्यावर जीव होता तिचा. कडेवर लेक होती, नामी. शहरातून पेटी तेवढी आणू दिली मास्तरांनी, कारण पेटीत काही साठत नाही!

वाटसरू हुशार. बरोबर दिवेलागणीला पातेली घेऊनच उगवायचे. गावं वस्तीला ‘आजवाडी’ म्हणून चिडवू लागली. पेरणीला बीसुद्धा दारोदार मागायचं.

“अहो, बियांपुरतं तरी ठेवा,” मिर्यामबाई म्हणायची.

“बी म्हणजे उद्याच की, मिर्याम.”

मग एक वर्ष असं आलं, की मागायला गेलं तर देणाऱ्याच्याच घरात नव्हतं. चूल एक वेळ पेटायची, कधी तीही नाही. नामीच्या बरगड्या मोजता येत होत्या. मिर्यामबाईनं मात्र आधीच्या सुगीत मूठमूठ शाळू बाजूला काढला होता. पुरचुंडी बांधून पेटीत, भात्यामागं. लेक भुकेनं रडायची तेव्हाही तिनं त्याला हात लावला नाही. ते बी होतं.

त्या रविवारी पेटी वाजेना. पुरचुंडी फाटून दाणे सुरांत अडकले होते. मास्तरांनी सगळ्यांसमोर झाकण उघडलं, तर आत शाळू.

कुणी ओरडलं नाही म्हणे. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. “शपथ तूही घेतली होतीस,” एवढंच म्हणाले.

“पेरायचंय ते. पोरीसाठी ठेवलंय,” मिर्यामबाई म्हणाली. पण उपाशी माणसं दाण्यांकडे बघत होती, आणि त्यांत नामीही होती. मिर्यामबाईनं स्वतःच जातं ओढलं. त्या दिवशी सगळे पोटभर जेवले. अशी भाकरी पुन्हा खाल्ली नाही, असं जेवलेले मरेपर्यंत सांगायचे.

आठवड्यानं परतीचा पाऊस झाला. जमिनीला असा वाफसा आला, की मूठ उधळली असती तरी उगवलं असतं. वस्तीत एक दाणा नव्हता.

थंडीत नामी गेली. बिऱ्हाडं एकेक करून उठली, मास्तरांखेरीज एकच काय ते राहिलं. पुढे एका रविवारी प्रार्थनेत ती ओळ आली, तेव्हा मिर्यामबाई त्या शब्दाला थांबली. शेजारची बाईही थांबली. मास्तरांचा एकट्याचा आवाज तेवढा ऐकू आला. त्यांनी तिला विचारलं नाही, आणि तिनं पुन्हा कधी तो शब्द उच्चारला नाही. दोघं म्हातारी होऊन इथंच गेली.

पेटी अजून त्या कोपऱ्यात आहे, वाजत नाही. आजही ती ओळ आली की बायका गप्प होतात, आणि पुरुष म्हणतात, तेही हळू, खाली बघून. पाहुणे विचारतात, शब्द विसरलात का?

विसरता आला असता, तर म्हटला असता.