स्वच्छ चित्राचा हट्ट

गोष्ट फार जुनी नाही, पण संगणकांच्या वयाने मोजली तर कितीतरी पिढ्यांपूर्वीची. विश्रामनानांच्या घरी एक म्हातारा संगणक होता. दर दसऱ्याला नाना त्याला झेंडूचं फूल वाहत. तेवढाच त्याचा मान.

एकदा पुतण्याने नवा मोठा पडदा आणून जोडला आणि नानांच्या वारलेल्या बायकोचा, मंदाकाकूंचा, लग्नघरी गाणं म्हणतानाचा व्हिडिओ संगणकात भरून दिला. चित्र इतकं स्वच्छ, की हातातल्या बांगड्या मोजून घ्याव्यात. म्हाताऱ्या संगणकाला ते पेलेना. काकूंचा हात वर जाई आणि तिथेच थिजे. गाणं अर्ध्या शब्दात तुटे.

"दादा, चित्र जरा कमी प्रतीचं दाखवा," आतला पंखा धापा टाकत म्हणाला. "धूसर दिसेल, पण सलग चालेल."

"या नव्या पडद्यासमोर?" संगणक तापून म्हणाला. "मला झेपत नाही म्हणून सांगू? मग दसऱ्याचं फूल कोणत्या तोंडाने घेऊ?"

पंखा गरगरत राहिला. नाना रोज समोर बसत आणि रोज तोच हात थिजे, तेच गाणं तुटे. दहाव्या दिवशी पंखा थांबला. जळका वास सुटला, पडदा काळा झाला. व्हिडिओ आतच जळून गेला. पुतण्याकडेही दुसरी प्रत नव्हती.

नानांनी काळ्या पडद्यावरून हात फिरवला.

"मोतीबिंदू झालाय रे मला," ते पुटपुटले. "चित्र कुठलं दिसतंय? मला नुसतं तिचं गाणं ऐकायचं होतं."