वेलावरचा भोपळा

फार जुनी गोष्ट. डोंगरउतारावर राहणाऱ्या एका सशिणीच्या वेलाला त्या वर्षी पुष्कळ भोपळे लागले होते. साळोबा नावाच्या साळिंदराने तिला टोपलीभर शेंगा आणून दिल्या आणि तो म्हणाला, “याच्या बदल्यात मला एक भोपळा द्या, सशीणबाई. कोणता, ते उद्या येऊन ठरवतो.” सशिणीने शेंगा ठेवून घेतल्या.

दुसऱ्या दिवशी तो आला, तेव्हा एक भोपळा फुटून पडला होता.

“माकडांनी फोडला,” सशीण म्हणाली. “तो तुमचाच होता.”

“माझा कसा? मी अजून निवडलाच नव्हता. नुकसान तुमचं.”

सशिणीने कान खाजवत विचार केला. बोलणं खरं होतं. “बरं, मग आता निवडा.”

साळोबाने सगळे भोपळे वाजवून पाहिले आणि सर्वांत मोठ्याच्या देठाला गवत बांधलं. “हा आता माझा. आज ओझं नको, उद्या नेईन.”

“हा तुमचा,” सशीणही म्हणाली.

पहाटे रानडुकराने नेमका तोच खाल्ला. साळोबा येऊन बघतो, तर नुसता देठ उरलेला.

“दुसरा द्या,” तो म्हणाला.

“तो कशाबद्दल? तुम्ही निवडलात, मी हो म्हटलं. खाल्ला तो तुमचा भोपळा.”

साळोबाचे काटे रागाने ताठ उभे राहिले. मग त्याला स्वतःचंच बोलणं आठवलं. काटे हळूहळू खाली बसले आणि त्याला हसू फुटलं. सशीणही हसायला लागली.

तो घरी जाऊन शेंगांची दुसरी टोपली घेऊन आला. सशीण शेंगा ओतून घेत होती, तोवर साळोबा नवा भोपळा ढकलत निम्मा उतार उतरलाही होता.