शेठचा राग कागदावर

रेवती खानोलकर सिनेमे काढायची, पण नटांना संवाद कधी लिहून द्यायची नाही. प्रसंग समजावून सांगायची आणि म्हणायची, "आता तुमच्या तोंडाने बोला."

त्या सकाळी बंदरावर मासळीच्या लिलावाचं चित्रीकरण होतं. होड्या यायची वेळ झाली होती आणि रेवतीचा पाय एका जागी ठरत नव्हता. तेवढ्यात निर्माते पोतनीसशेठ येऊन थडकले.

"संवादांची वही कुठंय?"

"वही नाही, शेठ."

शेठ भडकले. नायिकेचं काम करणाऱ्या चांगुणाबाईकडे बोट रोखून कडाडले, "ही मासळीवाली तोंडाला येईल ते बरळणार आणि मी बघत बसू? आत्ताच्या आत्ता लिहून दे, नाहीतर कॅमेरा गाडीत भरतो!"

चांगुणाबाई घाबरून मासळीच्या पाट्यांमागे सरकली.

रेवतीने कागदावर चार ओळी खरडल्या. "घ्या, लिहिलं. फक्त एकदा तुम्हीच म्हणून दाखवा. मघासारखंच, रागाने."

शेठनी चष्मा लावला. कागदावर त्यांचेच शब्द होते, जसेच्या तसे.

"ही मासळीवाली... तोंडाला येईल ते... बरळणार आणि..."

मास्तरांनी हजेरी घ्यावी तसा आवाज लागला. दुसऱ्यांदा तर तोही बसला.

चांगुणाबाई कमरेवर हात ठेवून पुढे आली. "शेठ, मघाशी भ्याले होते मी. आता नाय भ्याले."

शेठनी कागद चुरगळला आणि ते कॅमेरावाल्यावर खेकसले, "होड्या आल्या, तोंड काय बघतोस? चालू कर!"

"हां," चांगुणाबाई म्हणाली, "आता परत भ्याले!"